न्यूमोनिया हटत नाही तेव्हा

छातीच्या एक्स-रेवर पांढरा डाग दिसला की आपल्याकडे आधी न्यूमोनिया किंवा क्षयाची शंका येते. बहुतेकदा ती खरीही ठरते. पण पुरेसे उपचार घेऊनही डाग तसाच राहिला, तर फुफ्फुसातल्या लिम्फोमाचाही विचार करावा लागतो. हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. सीटी स्कॅनवर तो कधी गाठीसारखा, कधी धुरकट, तर क्वचित पोकळीसारखा दिसतो. त्यातला माल्ट हा प्रकार संथ वाढतो; अनेकांना काहीच त्रास जाणवत नाही. स्कॅनवरची रूपे अशी वेगवेगळी असल्यामुळे केवळ त्यावरून निदान पक्के होत नाही. त्यासाठी बायोप्सी करून पेशींचा प्रकार ओळखावा लागतो. म्हणून न्यूमोनिया किंवा क्षयाचे उपचार संपल्यावरची फेरतपासणी टाळू नका आणि जुने एक्स-रे जपून ठेवा.