आधी विचार, मग विसार
(अंबड येथील साक्षरता वर्गात केलेले भाषण)



आज मी तुमच्याशी विसाराविषयी बोलणार आहे. विसार म्हणजे आपण ज्याला इसार म्हणतो तोच. बैलजोडी ठरली की आपण इसार देतो. लग्नाला वाजंत्री ठरवले की इसार देतो. शहरात खोली घेतली की डिपॉझिट देतो. सगळ्यांची जात एकच. पैसे आधी जातात, वस्तू मागून येते.

पूर्वी इसार चार माणसांदेखत हातात दिला जाई. घेणाऱ्याचे तोंड दिसे. आता पैसे फोनवरून, बँकेतून जातात. सोय मोठी आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून तर एनईएफटीने रात्री आणि सुटीच्या दिवशीही पैसे पाठवता येतात. पण घेणाऱ्याचे तोंड मात्र दिसत नाही.

आपल्या अंबडचेच पाहा. इथे एमआयडीसीचे कारखाने आहेत. पेठ-सुरगाण्याकडची पोरे कामाला येतात आणि खोली शोधतात. समजा, अशा एका पोराला फोनवर खोलीचा फोटो आला. समोरचा म्हणाला, "भाऊ, लवकर करा. अजून पाच गिऱ्हाइके थांबलीत. आठ हजार डिपॉझिट टाका, किल्ली उद्या घ्या." पोराने घाईने पैसे टाकले. दुसऱ्या दिवशी तिथे गेला, तर खोलीत दुसरेच कुटुंब नांदत होते! आणि फोन बंद. आठ हजार म्हणजे त्याच्या किती दिवसांचा घाम, ते तुम्हीच मोजा.

हे कसे घडते? नीट समजून घ्या. चेकवर आपण नाव लिहितो, आणि बँक ते नाव पाहते. पण खाते-क्रमांक घालून पैसे पाठवले, की बँकेचे यंत्र फक्त आकडे पाहते. समजा, नाव शामाचे लिहिले आणि आकडे रामाच्या खात्याचे घातले. तर पैसे रामाकडेच जातात! पैसे एकदा जमा झाले, की खातेदाराच्या संमतीवाचून बँक ते आपल्या मर्जीने परत ओढू शकत नाही.

मग नाव पाहायचे कुणी? आपणच! त्यासाठी आता सोय झाली आहे. पैसे सोडण्याआधी खातेदाराचे नाव दिसले पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी त्याची मुदत १ एप्रिल २०२५ होती. यूपीआयवरही नाव दिसते. ती एक ओळ असते. काल-परवापर्यंत ती आपल्याला वाचता येत नव्हती. आज येते. मग घाई न करता ती वाचा.

खोली घेताना तीन नावे ताडून पाहा. घरमालकाच्या वीजबिलावरचे नाव, करारावरचे नाव आणि फोनवर दिसणारे नाव. तिन्ही जुळली तर ठीक. बिल मालकाच्या वडिलांच्या नावाचे असेल, तर तसे विचारा आणि खात्री करा. खाते भलत्याच माणसाचे असेल, तर हात आवरा. कुणी म्हणतात, "आधी एक रुपया पाठवून बघा." त्याने चुकलेला आकडा कळतो, लबाड माणूस कळत नाही. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती नोंदणी करणे घरमालकाचे काम आहे. डिपॉझिटचा आकडा त्यात लिहून घ्या.

फ्लॅट घेणार असाल, तर २०१६ चा रेरा कायदा लक्षात ठेवा. कराराची नोंदणी होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. घर तीस लाखांचे असेल, तर तीन लाखांवर एक पैसाही नको. बांधकामाचा महारेरा क्रमांक मागा. फार लहान बांधकामाला ही नोंदणी लागत नाही. तिथे दुप्पट जपा. आणि पैसे बिल्डरच्या मेहुण्याच्या खात्यात कधीही टाकू नका.

काहीजण म्हणतील, "बँक देईल की भरून!" इथे एक भेद आहे. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या संरक्षणाचा नियम केला. आपण न पाठवता, आपली काही चूक नसता, बाहेरच्या चोराने खात्यातून पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तोटा आपल्यावर नाही. पण आपण आपल्या हाताने पाठवलेले पैसे त्या नियमात बसत नाहीत. म्हणून आधीची सावधगिरी हेच खरे कुलूप.

तरीही फसगत झालीच, तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळवतो. लवकर कळवले, तर ते वाटेत अडवता येण्याची आशा असते. मग बँकेला लेखी कळवा, पोलिसांत तक्रार द्या. पैसे पाठवल्याची नोंद आणि आलेले निरोप फोनमधून पुसू नका. तोच पुरावा आहे.

व्यापारी ओळखीचा आहे, पण विसार घेऊन माल देत नाही, असे झाले तर? तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही.

मंडळी, घाई करणारा माणूस दिसला, की आपण सावकाश व्हावे. "उद्या देतो," म्हटल्याने चांगली खोली एखादे वेळी जाईल. दुसरी मिळेल. पण गेलेला पैसा मिळणे कठीण.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपले वीजबिल काढा. त्यावरचे नाव मोठ्याने वाचा, आणि पोराबाळांनाही वाचायला लावा. नाव वाचायची सवय लागली, की पैसे पाठवताना बोट आपोआप थांबेल.