मुलांच्या हाती देण्याआधी



या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला ‘मुलांचं वाचन’ असा विषय सुचवला होता. त्यातला एकच तुकडा मी मागून घेतला: पाचवी ते आठवी, म्हणजे दहा ते चौदा वर्षांची मुलं. त्याआधीच्या वयासाठी मराठीत आज बरं चाललं आहे. माधुरी पुरंदरे यांची राधा आणि यश कितीतरी घरांत पोचले आहेत, चित्रं देखणी असतात, आईबाबा जवळ घेऊन वाचून दाखवतात. पुढे नववी-दहावीत ज्याला वाचायचंच असतं तो मोठ्यांच्या कपाटातलं काढून वाचतो. मधली चार वर्षं मात्र कुणाचीच नसतात. मुलाला अक्षरं जुळवण्याचे कष्ट उरलेले नसतात, मनातल्या मनात वाचता येऊ लागलेलं असतं, जग कसं चालतं ते जाणून घ्यायची भूक लागलेली असते, आणि नेमकं तेव्हाच वाचून दाखवणारं माणूस शेजारून उठून जातं. शिकवण्या सुरू होतात, शिष्यवृत्तीची तयारी सुरू होते, ग्रंथालयाच्या तासाला गणिताचा जादा तास होतो. शाळेत मराठी शिकवताना आणि ग्रंथालय सांभाळताना मी हे जवळून पाहत आले. पाचवीत पुस्तकासाठी भांडणारं मूल आठवीत कपाटाकडे बघतही नाही, याचं दुःख मला अजून होतं.

या वयासाठी पुस्तकं निवडली कशी जातात? बहुतेक ठिकाणी ती निवडली जातच नाहीत, खरेदी होतात. मार्च संपत आलेला असतो, रक्कम खर्ची पडायची असते, विक्रेत्याकडून छापील यादी येते. थोरांच्या चरित्रांचा संच, बोधकथांचा संच, सामान्यज्ञानाचा संच. पुस्तकं दाखलनोंदवहीत चढतात, शिक्के बसतात, कपाटाला कुलूप लागतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं स्पष्ट लिहिलं आहे. कागदोपत्री ती असतात. पण यादी करणाऱ्यापासून सही करणाऱ्यापर्यंत कुणी त्यातलं एकही पुस्तक वाचलेलं नसतं.

म्हणून माझं आजचं मागणं एकच आहे. ज्याने एखादं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही, त्याने ते मुलासाठी निवडू नये. ‘चांगलं आहे असं ऐकलंय’ हे पुरेसं नाही. ‘आम्ही लहानपणी वाचलं होतं’ हेही पुरेसं नाही. आता वाचायचं, आजच्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून.

असं वाचलं की काय होतं, ते आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या पुस्तकावरून सांगते. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ते १९३५ साली प्रसिद्ध झालं. सहावीत पहिला नंबर आला की हे पुस्तक बक्षीस मिळतं, आणि बक्षीस मिळालेल्या पुष्कळ प्रती पहिल्या दहा पानांनंतर मिटतात. पुन्हा वाचून बघा म्हणजे कारण कळेल. कोकणातलं जुनं घर, सोवळंओवळं, सावकारी कर्ज, आश्रमातली प्रार्थना, हे सगळं आजच्या मुलाच्या अंगावर एकदम येतं. पण त्याच वाचनात आणखी एक गोष्ट लक्षात येते. हे पुस्तक रात्रींमध्ये वाटलेलं आहे. श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो आणि थांबतो. म्हणजे ते सांगण्यासाठीच रचलेलं आहे. मग ते सबंध हातात ठेवण्याऐवजी त्यातली एक रात्र मोठ्याने वाचून दाखवावी. ‘अळणी भाजी’ घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील एका शब्दाने बोलून दाखवत नाहीत. वर्गात वाचायला फार वेळ लागत नाही, पण नंतर मुलं तास संपेपर्यंत भांडतात. सांगायला काय हरकत होती? न सांगणं म्हणजे प्रेम की खोटेपणा? आमच्या घरी असं झालं असतं तर? एका मुलीने विचारलं होतं, चूक वडिलांची झाली असती तर आईने सांगितलं असतं का. हा प्रश्न मला कुठल्याही तात्पर्यापेक्षा मोलाचा वाटतो. अशी एक रात्र ऐकल्यावर काही मुलं पुस्तक मागून नेतात. सगळी नेत नाहीत, आणि न्यायलाच हवं असंही नाही.

भा. रा. भागवतांचं वेगळं. त्यांनी या वयाच्या मुलांसाठी आपलं लेखनाचं आयुष्य वेचलं. ‘बालमित्र’ मासिक चालवलं, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे उभा केला. फास्टर फेणे मी अलीकडे पुन्हा क्रमाने वाचला तेव्हा जाणवलं की भागवत मुलाला वाट बघायला लावत नाहीत. थोड्याच वेळात सायकल निघते आणि काहीतरी गडबड होते. राम वाईरकरांची चित्रं धावत असतात. त्यातलं पुणं आता नाही, फोन नाहीत, वसतिगृहातली पोरं पत्रं लिहितात. मुलांना त्याची अडचण होत नाही. अडचण होते ती वेग नसलेल्या पुस्तकाची. सातवीतल्या वाचकाला काळ परका चालतो, पहिल्या प्रकरणातला रेंगाळणारा उपदेश चालत नाही. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे यांच्याबद्दलही हेच. ही मुलं चुका करतात, बुद्धी लढवतात, आणि लेखक मध्येच उठून वाचकाला शिकवत नाही.

चरित्रांविषयी मला थोडं कडक बोलायचं आहे. आपण मुलांना सर्वांत जास्त देतो ती चरित्रं, आणि त्यांतली पुष्कळशी अशी असतात की नाव बदललं तर दुसऱ्या थोर माणसाला लागू पडावीत. जन्म, हुशारी, गरिबी, कीर्ती, सन्मान. आता वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ वाचा. १९८१पासून ते वाचलं जातंय, आठवीची मुलं ते हातावेगळं करतात. का? कारण त्यात काम दिसतं. १८९६ साली कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर अमेरिकेतल्या टस्कीगीला येतात तेव्हा प्रयोगशाळा नावाची वस्तूच नसते, ते टाकाऊ बाटल्या आणि डबे गोळा करून ती उभी करतात. कापसाने थकलेली जमीन भुईमुगाने कशी सुधारते ते कळतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे अमेरिकेतलं वाटत नाही. तो घरी जाऊन बापाशी बोलतो. चरित्र निवडताना मी एवढंच बघते: या माणसाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलं, ते पुस्तकातून कळतं का? विज्ञानाच्या पुस्तकांनाही हीच कसोटी लावते. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’मधल्या कथा आठवीला मी म्हणूनच देते. तिथे कल्पना विज्ञानाच्या नियमांशी बांधलेली असते, आणि शंका विचारायला जागा असते.

आता एका अवघड गोष्टीकडे येते. ‘सातवीचं पुस्तक’ असं आपण म्हणतो तेव्हा सातवीतली सगळी मुलं सारखी वाचतात असं गृहीत धरतो. शालेय शिक्षणाची पाहणी करणारे ‘असर’चे अहवाल वर्षानुवर्षं सांगतायत की देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या दहा मुलांपैकी साधारण तिघांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही. या मुलांसाठी पुस्तकं कोण निवडतं? त्यांच्या हातात आपण चिऊकाऊच्या गोष्टी ठेवतो. तेरा वर्षांचा, शेतात बैल हाकणारा, धाकट्या भावंडांना सांभाळणारा मुलगा वर्गासमोर चिऊकाऊ वाचतो तेव्हा त्याचा अपमान होतो, आणि तो पुन्हा पुस्तकाला हात लावत नाही. त्याला हवं असतं सोप्या वाक्यांचं पण मोठ्या मुलाच्या जगातलं पुस्तक. साप, ट्रॅक्टर, कुस्ती, जंगल, भूत, क्रिकेट. छोटी वाक्यं, मोठी अक्षरं, पानावर मोकळी जागा. अशी पुस्तकं मराठीत फार कमी आहेत. सभागृहात कुणी लेखक-प्रकाशक बसले असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, इथे काम पडून आहे.

तोपर्यंत ‘किशोर’ मदतीला येतं. बालभारतीने १९७१ साली हे मासिक सुरू केलं, मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांनी त्यात लिहिलं, आणि जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. दोन पानांची गोष्ट, एक कविता, एखादं कोडं. पूर्ण पुस्तकाचा धाक नसतो. पुरंदऱ्यांनीच संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’च्या कुमारगटाच्या भागांत उत्तम साहित्यातले वेचे आहेत. ज्याला अख्खं पुस्तक झेपत नाही त्याला वेच्यातून चांगल्या भाषेची गोडी लागते.

भाषेचा आणखी एक पदर आहे. नंदुरबारच्या भिल्ल मुलाची, मेळघाटातल्या कोरकू मुलीची, तांड्यावरच्या बंजारा पोरांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून निराळी असते. त्यांना सगळ्याच पुस्तकांत सदाशिव पेठेतलं घर भेटलं तर वाचन ही आपली गोष्ट नव्हे असा समज पक्का होतो. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ची ‘बनगरवाडी’ मुलांसाठी लिहिलेली नाही. पण एक कोवळा मास्तर मेंढपाळांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, ही गोष्ट आठवीतल्या मुलाला पुरती कळते, आणि माळरानावरच्या मुलाला ती शहरातल्या मुलाच्या आधी कळते. वर्गात एरवी मागच्या बाकावर बसणारा तेव्हा शब्दांचे अर्थ इतरांना समजावून सांगतो. हे एका पुस्तकाने होतं. ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला २०१७ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव सोडावं लागणाऱ्या मुलाचं ते जग आहे. आपल्या राज्यात असं घडलेलं किती घरांत आठवत असेल, विचार करा.

पालक मला नेहमी विचारतात, दुःखाची पुस्तकं द्यावीत का? मी म्हणते, द्यावीत, पण आपण वाचून द्यावीत आणि जवळ असावं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’चा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद म्हणजे ‘पाडस’. ज्योडी हरणाचं पिल्लू जिवापाड सांभाळतो आणि शेवटी ते त्यालाच मारावं लागतं, कारण ते घरचं पीक खात असतं आणि पीक गेलं तर घर उपाशी मरणार असतं. मुलं रडतात. मला ते रडणं वाईट वाटत नाही. घरात आजोबा गेले तेव्हा ज्या मुलाशी कुणी बोललं नाही, त्याला या पुस्तकात दुःखाशी बोलायला जागा मिळते. आनंद यादवांची ‘झोंबी’ मात्र मी आठवीला सबंध देत नाही. शाळेसाठी तळमळणाऱ्या मुलाची ती विलक्षण कहाणी आहे, पण त्यातली मारहाण आणि दैन्य एकट्याने पेलणं या वयात जड जातं. त्यातले शाळेचे भाग मी वाचून दाखवते. कुठला भाग वाचायचा आणि कुठे थांबायचं, हे यादीवरून कळत नाही. त्यासाठी पुस्तक अंगावर घ्यावं लागतं.

‘तोत्तोचान’ या जपानी पुस्तकाविषयी एक बोलायचं राहिलं. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला चेतना सरदेशमुख गोसावी यांचा हा अनुवाद आपल्याकडे शिक्षकांना भेट दिला जातो. प्रशिक्षणात त्यावर चर्चा होतात. मुलांना तो क्वचितच मिळतो. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा ऐकून पाचवीच्या मुलांचे डोळे मोठे होतात. तोत्तोचानचं पाकीट शौचकूपात पडतं, ती सगळा मैला उपसते, मुख्याध्यापक येतात आणि एवढंच म्हणतात की नंतर परत आत टाकशील ना. हे वाचताना मुलं हसतात आणि मग गप्प होतात. आपल्याला कुणी इतकं मानेल का, असं त्यांच्या मनात येत असावं. मुलींची पुस्तकं, मुलांची पुस्तकं, शिक्षकांची पुस्तकं असे कप्पे आपण पाडतो. शांता शेळक्यांची ‘चौघीजणी’ मुलग्यांना का देत नाही आपण?

आणि निवड केल्यावर हात मागे घ्यायचा. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणाऱ्या रंगनाथनांनी १९३१ सालीच सांगून ठेवलं आहे की पुस्तकं वापरासाठी असतात आणि प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. म्हणून कपाट उघडं हवं. पन्नास पुस्तकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा दहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्याव्यात, म्हणजे चार मित्र एकाच वेळी एकच पुस्तक वाचतात आणि मधल्या सुट्टीत त्यावर बोलतात. पुस्तक अर्धवट सोडायची मुभा हवी. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे हक्क लिहिले, त्यांत पानं गाळायचा आणि पुस्तक न संपवण्याचा हक्कही आहे. प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहून घेणाऱ्या शिक्षकांना मी कळकळीने सांगते, हे थांबवा. मुलं सारांश लिहायला लागू नये म्हणून पुस्तक घेणं टाळतात.

आपल्या गावापुरता एक प्रस्ताव ठेवते. आपल्या वाचनालयाचा बालविभाग आहे, गावात दोन माध्यमिक शाळा आहेत, आणि मे महिना चालू आहे. इथे बसलेल्यांपैकी जे तयार असतील त्यांनी जूनपर्यंत कुमारवयाचं एकच पुस्तक घ्यावं आणि पूर्ण वाचावं. आवडलं तर ते बालविभागाला सुचवावं, आणि पहिल्या कोऱ्या पानावर आपलं नाव, गल्ली आणि ‘मी हे वाचलं आहे’ एवढं लिहावं. नाही आवडलं तर सुचवू नये. पुस्तक वाचून झालेल्या मुलाला मग गावात बोलायला एक माणूस माहीत असेल, मग तो दवाखान्यातला असो, किराणा दुकानातला असो की शेजारची आजी असो. बालविभागाच्या ग्रंथपाल ताई बाहेर टेबलाशी वही घेऊन बसल्या आहेत. कुणी कुठलं पुस्तक घेतलं ते त्यांच्याकडे लिहून जावं.