कार्याचा भार आणि कार्याची निवड

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



अशा प्रसंगी वक्त्याने समाजास अधिक कार्य करण्याचा उपदेश करावा, असा प्रघात आहे. आम्ही आज कमी कार्य करण्याविषयी चार शब्द बोलणार आहोत. हे ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु आळसाची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

आपल्या समाजात, किंबहुना सर्वच समाजांत, एक रीत पडून गेली आहे. जो मनुष्य काम करतो त्याच्याच हाती आणखी काम द्यावयाचे. निधी गोळा करणे, सभागृह ठरविणे, वधूवर-सूची छापून घेणे, स्मरणिकेसाठी जाहिराती मिळविणे, ही सारी कामे फिरून फिरून त्याच तीन-चार माणसांकडे येतात आणि भिडेस्तव कोणी नाही म्हणत नाही. पुढे चार-पाच वर्षांनी तोच गृहस्थ सभेस येईनासा होतो. आलाच तर मागच्या बाकावर बसतो आणि सभा संपण्यापूर्वी उठून जातो. लोक म्हणतात, याचा उत्साह मावळला. तो कोणी मावळविला, हे मात्र कोणी विचारीत नाही.

या अवस्थेस इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात तिची नोंद केली, ती व्याधी म्हणून नव्हे, तर नोकरी-व्यवसायाच्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी मनात आलेला दुरावा व कडवटपणा आणि काम पूर्वीसारखे न साधणे, ही तिची लक्षणे होत. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेसह २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अनुमानानुसार, आठवड्यास ५५ तास वा अधिक काम करण्यामुळे २०१६ या एका वर्षात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने व हृदयविकाराने दगावली. आमच्या भगिनींच्या चुलीपुढील तासांची मोजदाद कोणी केली असती तर आकडा कोठे गेला असता, कोण जाणे!

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र मुलांस शिकविताना आमच्या मनास नेहमी हुरहूर लागे. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन, सार्वजनिक सभेची चिटणिशी, 'सुधारक' पत्रातील लेखन, पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद. पुढे १९०५ साली काँग्रेसचे अध्यक्षपद आणि त्याच वर्षी भारत सेवक समाजाची स्थापना. वरिष्ठ कायदेमंडळात वर्षानुवर्षे अर्थसंकल्पाची चिरफाड. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेचा दौरा आणि शिवाय लोकसेवा आयोगाचे सदस्यत्व. शरीर मधुमेहाने पोखरलेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा वय अवघे ४८ होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्यांनी १९११ साली विधेयक मांडले. ते पुढल्याच वर्षी फेटाळले गेले आणि त्यासाठी पुन्हा झगडण्यास त्यांस आयुष्य उरले नाही. यात त्या थोर पुरुषास दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. देशात काम डोंगराएवढे आणि माणसे मूठभर. ज्याने त्याने आपले ओझे त्यांच्याच खांद्यावर आणून टाकले.

त्याच महाविद्यालयात १८९१ साली गणित शिकविण्यास आलेल्या धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट निराळी. अण्णांनी कष्ट कमी केले असे कोणी समजू नये. दिवसा महाविद्यालयात शिकवावे आणि नंतर चिखल तुडवीत हिंगण्याच्या आश्रमात पायी जावे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. परंतु राजकारणाच्या धामधुमीत ते पडले नाहीत. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ साली महिला विद्यापीठ, अशी त्यांची वाट स्त्रीशिक्षणाच्या एकाच दिशेने जात होती. ग्रामीण शिक्षणाचे काम त्यांनी १९३६ साली आरंभिले, तोवर पहिल्या संस्था इतरांच्या हाती स्थिर झाल्या होत्या. १९६२ साली १०४ वर्षांचे होऊन ते गेले. दीर्घायुष्य ही ज्याची त्याची प्रकृती होय, हे आम्ही जाणतो. परंतु शंभरीतही ज्याचे मन आपल्या कार्यास विटले नाही, त्याच्या कार्याच्या निवडीत काही शहाणपण असले पाहिजे.

आमचा जन्म शिक्षकीत गेला, म्हणून थोडे तेथलेही सांगतो. शिक्षणाच्या अधिकाराचा २००९ चा कायदा आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकास देऊ नये, असे त्याचे २७ वे कलम सांगते. तथापि शाळेत तक्ते भरण्याचे आणि पोषण आहाराच्या नोंदी ठेवण्याचे काम शिक्षकाकडेच येते आणि तिसरीच्या मुलाचे जोडाक्षर अडले आहे हे पाहण्यास सवड राहत नाही. यावर आम्ही एक उपाय योजला होता. पन्नास वह्यांवर रोज लाल शाईची खूण करण्याचे आम्ही सोडून दिले. रोज दहाच वह्या घ्यावयाच्या, मुलास शेजारी बसवावयाचे आणि त्याची चूक त्याच्याच तोंडून वदवून घ्यावयाची. आठवडा संपेपर्यंत साऱ्या वर्गाची पाळी येई. तपासनीस साहेबांस खुणा कमी दिसत आणि ते तसे बोलूनही दाखवीत. मुलांच्या चुका मात्र कमी होत.

आता आपल्या घरचे बोलू. आपल्या संस्थेचे वर्षाकाठी कार्यक्रम किती, हे अहवालात छापले आहे. हळदीकुंकू, सहल, क्रीडास्पर्धा, सत्कार, मेळावा, दिनदर्शिका! एक ना धड भाराभर चिंध्या, असे कोणी म्हटले तर राग मानू नये. या गर्दीत विद्यार्थी-साहाय्याचे अर्ज पडून राहतात. जूनमध्ये महाविद्यालयाची फी भरावयाची असते आणि आपला धनादेश दिवाळीनंतर पोहोचतो. तोवर एखाद्या मुलीचे शिक्षण थांबलेले असते. मग त्या धनादेशाचे तिने काय करावे?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी की, पुढील दोन वर्षे विद्यार्थी-साहाय्य आणि हे वार्षिक संमेलन, एवढीच कामे संस्थेने हाती ठेवावीत. अर्ज एप्रिलमध्ये घ्यावेत, रक्कम जूनपूर्वी द्यावी. चिटणीसांस दोन वर्षांनंतर सक्तीची विश्रांती द्यावी आणि त्यांच्याजवळ आजपासूनच एक तरुण साहाय्यक बसवावा. सहलीस ज्यांस जावयाचे असेल त्यांनी आपसांत ठरवून खुशाल जावे, चिटणीसांस गाडी ठरविण्यास सांगू नये. या सूचनेचा आजच्या सभेत विचार व्हावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.