नवा राउटर घ्यायचा का?

वायफाय रडायला लागलं की घरात दोनच मतं निघतात: ‘कंपनीला फोन कर’ नाहीतर ‘नवा राउटर आण’. त्याआधी एक फुकटची तपासणी आहे. लॅपटॉप राउटरला तारेनं जोडा आणि एक-दोन दिवस नेहमीचं काम त्यावरच करा.

तारेवरही अडकतंय? मग घरभर वायफाय पसरवणारा महागडा संच घेऊन उपयोग नाही, लाइन तशीच राहणार. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’चा लाल दिवा लागत असेल तर तक्रार कंपनीकडेच. राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर आधी ॲडॉप्टर बदलून पाहा. पिन बसणारा हवा, व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढेच किंवा जास्त.

माझी मामेबहीण बडोद्याला असते, ऑनलाइन गणित शिकवते. ऐन शिकवणीत आवाज तुटायचा. एका मुलाच्या आईनं ‘पुढच्या महिन्यापासून नको’ असं कळवलं, तेव्हा ताई नवा संच मागवायलाच निघाली. मी म्हटलं, ‘ताई, दोन दिवस थांब.’ तारेवर दोन्ही दिवस तास सुरळीत झाले. म्हणजे लाइन ठीक होती. घोळ राउटर आणि लॅपटॉपच्या मधल्या हवेत होता.

राउटर होता बैठकीत, टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला चिकटून. ताईची खोली दोन भिंतींपलीकडे. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातं, पण इमारतीत सगळ्या शेजाऱ्यांची तिथेच गर्दी. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झला जागा ऐसपैस, पण काँक्रीटपुढे ते लवकर दमतं. राउटर पॅसेजमध्ये उंचावर लावला, तेवढ्यानं घरच्यांचे फोन सुधारले. ताईच्या खोलीपर्यंत मात्र सरळ तार ओढली. ज्यावर पोट आहे ते यंत्र तारेवरच असावं, असं माझं मत. भिंतीवरची पट्टी दिसायला बरी नाही, हे कबूल.

मग बदलायचा कधी? ॲडॉप्टर चांगला असूनही राउटर आपोआप बंद-चालू होतो तेव्हा. सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले तर चालत असला तरीही. आणि तुम्ही २०० एमबीपीएसचे पैसे भरताय, पण राउटरचे पोर्ट १०० चेच आहेत, तेव्हा. त्यातून ९५च्या आसपासच मिळतं. वायफाय ४ हे २००९ सालचं तंत्र आहे, त्यावरचा राउटर असेल तर दुरुस्तीत फार जीव अडकवू नका. फक्त पैसे काढण्याआधी बघा, डबा कंपनीनं दिलेला आहे का? असेल तर तोच बदलून मागा.

ताईचा राउटर वायफाय ५चा, अपडेट अजून येताहेत. तो आम्ही ठेवलाय.