दोरी सोडा, दवाखाना गाठा

समजा अकोले तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर मध्यरात्री एक तरुण ओरडत उठला, ‘मला मारायला आलेत’ म्हणत कोयता घेऊन दारात उभा राहिला. घरचे काय करतात? चौघं मिळून धरतात, दोरीनं बांधतात, ‘बाहेरचं झालंय’ म्हणतात आणि उजाडल्यावर देवऋषी गाठतात. नगर शंभर किलोमीटरहून लांब, आणि येरवड्याच्या नावाचीच धास्ती.

पण येरवड्याला जायची गरज पहिल्या रात्री नसतेच. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो. म्हणजे जवळचं ग्रामीण रुग्णालयही चालतं.

तिथं डॉक्टर आधी शरीर तपासतात. साखर उतरली का, ताप मेंदूत गेला का, डोक्याला मार आहे का, रोजची दारू एकदम सुटली का? वरून वेड दिसणाऱ्या गोष्टीचं मूळ अनेकदा इथं असतं. मग धोका किती, हे पाहतात. रुग्णानं नेमलेली किंवा कायद्यानं मानलेली जवळची व्यक्ती हजर असेल, तर तिची संमती घेतात. हे उपचार जास्तीत जास्त ७२ तास; त्यात विजेचे झटके देता येत नाहीत. पुढं रुग्ण स्वतः राहायला तयार असेल तर उत्तमच. नसेल, तर त्या जवळच्या व्यक्तीचा अर्ज आणि दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. साखळदंडाला तर कायद्यानं बंदीच आहे.

आणखी एक. कुणी कीटकनाशक प्यायलं, तर पोलिसांच्या भीतीनं ‘चुकून पोटात गेलं’ असं सांगू नका. असा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच कायदा गृहीत धरतो. डब्यासह दवाखान्यात जा. कोणतं औषध हे कळलं तर उपचार लवकर सुरू होतात.

रस्त्यावर भटकणाऱ्या निराधार रुग्णाला पोलिसांनी कोठडीत टाकायचं नसतं, चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात पोहोचवायचं असतं. शिर्डीसारख्या गर्दीच्या गावी हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

रात्री काही सुचेना, तर १४४१६ या ‘टेली मानस’च्या क्रमांकावर फोन करा. आणि तो तरुण शांत झाला, की त्याच्याविषयी इतरांशी बोलण्याआधी त्याच्याशी बोला. पुढच्या वेळी काय करावं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?