बसवलेली लेन्स बदलावी का?

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, डिप्लोमा झालेला सरकारी उपयंत्री. पण आत्याच्या डोळ्यासाठी गोंदिया-नागपूरच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या, आणि इथे बसलेल्या कितीतरी ज्येष्ठांच्या डोळ्यांत लेन्स आहे, म्हणून बोलतो.

आत्याला मल्टीफोकल लेन्स बसवली. दिवसा छान दिसे. रात्री मात्र समोरून गाडी आली की दिव्याभोवती कडीच कडी. "काढून टाका रे हे," असा तिने धोशा लावला.

लेन्स जुनी झाली म्हणून बदलायची नसते. लंडनचे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांनी 1949 साली पहिली कृत्रिम लेन्स बसवली. वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचेचे, म्हणजे अॅक्रिलिक प्लास्टिकचे, तुकडे डोळा सहन करतो, हे त्यांनी पाहिले होते. लेन्स सहसा जन्मभर टिकते.

काढता येते का? येते. पण ती आपल्याच भिंगाच्या पातळ पिशवीत बसवलेली असते, आणि काही महिन्यांत पिशवी तिला घट्ट धरते. सिमेंट ओले आहे तोवर चौकट सरकवता येते, सुकल्यावर भिंत फोडावी लागते, तसेच हे. पिशवी फाटली तर नवी लेन्स टेकवायची कुठे?

दुसरी गोष्ट नीट ऐका. पुढे पिशवीचा मागचा पडदा धुरकट होतो. लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही. यॅग लेसरने त्या पडद्याला छिद्र पाडतात, काही मिनिटांचे काम. पण छिद्र पडल्यावर लेन्स बदलणे फार जोखमीचे होते. म्हणून लेन्सबद्दल शंका असेल तर ती आधी मिटवा, लेसर नंतर. आम्हाला हे विचारल्यावरच कळले!

नुसता नंबर चुकला असेल तर चष्म्याने भागते. कधी डोळा कोरडा असतो, मधुमेहात आतल्या पडद्याला सूज असते. तिथे लेन्स बदलून काय होणार? आणि ऑपरेशननंतर मिळणारे लेन्सचे कार्ड जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच मागितले.

त्यांनी सांगितले, मेंदूला सवय व्हायला काही महिने लागतात. थांबा, पण वर्षभर नको. कोरडेपणासाठी थेंब दिले. चौथ्या महिन्यात आत्याच म्हणाली, "पोथी बिनचष्म्याने वाचते, रात्री मला कुठे गाडी चालवायची आहे? राहू दे." कडी अजून दिसतात, कमी.

दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे आहे. त्यात साधीच लेन्स टाकायची, हे तिने डॉक्टरांच्या आधीच ठरवून टाकले आहे.