घास आणि शब्द

(संस्थेच्या वार्षिक सभेत वाचा-उपचारतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अक्कलकोटी दर्शनास आलेल्या पाहुण्याला आपण पहिला प्रश्न विचारतो, 'प्रसाद घेतलात का?' १९८८ पासून येथे श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाच्या पंगती उठत आहेत. अशा या अन्नदानाच्या गावात मला आज एक अवघड गोष्ट सांगावयाची आहे. अखेरच्या आजारात आग्रहाने भरवलेला घास रुग्णाला कधी कधी अपायकारक ठरतो.

रोग बरा होण्याजोगा नसला तरी रुग्णाचा त्रास कमी करता येतो, या विचारातून परिहार सेवा, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर, उभी राहिली. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली 'शांती आवेदना' ही देशातील या प्रकारची पहिली संस्था सुरू झाली. आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण भागातील देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. हा आजार खेड्यापाड्यांतही आहे, याची लेखी साक्ष तेव्हापासून आपल्यापाशी आहे. तंबाखू व मिशरीमुळे होणारा तोंडाचा कर्करोग, अर्धांगवायू, कंपवात, स्मृतिभ्रंश या सर्वांत दोन गोष्टी बहुधा जोडीने हरपतात : गिळणे आणि बोलणे. जीभ, ओठ आणि घसा यांच्याच आधारे ही दोन्ही कामे चालतात.

गिळताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर मिटते. ते नीट मिटले नाही, तर अन्न फुप्फुसाकडे जाते. जेवताना ठसका लागणे, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा व ओला होणे, घास गालात साठून राहणे, वरचेवर ताप येणे ही त्याची लक्षणे होत. काही रुग्णांना तर ठसकाही लागत नाही. म्हणून ठसका नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये.

उपाय साधे आहेत. रुग्ण पूर्ण जागा असेल तेव्हाच, शक्य तितके ताठ बसवून, लहान चमच्याने भरवावे. पहिला घास गिळल्याची खात्री झाल्याखेरीज दुसरा देऊ नये. भरवताना त्याला बोलते करू नये आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. पातळ पाण्याने ठसका लागणाऱ्यास दाट पेज सोसते. तोंडाच्या कर्करोगात मात्र पुष्कळदा पातळच उतरते. म्हणून एका रुग्णाचा नियम दुसऱ्यास लावू नये. गोळी कुटून देण्यापूर्वी विचारून घ्यावे. सावकाश विरघळणारी वेदनाशामक गोळी कुटली, तर सारा डोस एकदम अंगात जातो.

'आम्ही त्यांना उपाशी ठेवले' ही बोच कुटुंबाला वर्षानुवर्षे छळते. त्यांना माझे सांगणे आहे की, अखेरच्या दिवसांत शरीरच अन्न मागेनासे होते. खाणे थांबल्यामुळे रुग्ण जात नसतो. तो जाण्याच्या वाटेवर असल्यामुळे खाणे थांबते. नाकातील नळी काही आजारांत उपकारक ठरते. परंतु वाढलेल्या स्मृतिभ्रंशात तिने आयुष्य वाढल्याचे वा फुप्फुसांचा धोका टळल्याचे आढळलेले नाही. अशा वेळी ओल्या कापडाने तोंड स्वच्छ ठेवणे आणि ओठांना तूप लावणे हीच सेवा होय. तुळशीपत्रावरचे तीर्थही घशात न ओतता ओठांना लावावे. त्याने श्रद्धेत काही उणे येत नाही.

आता शब्दांविषयी. नळी हवी की नको, रुग्णालयात राहायचे की घरी जायचे, हे रुग्णाला विचारायला हवे, आणि तेही वाचा शाबूत असतानाच. आपण मात्र 'त्यांना धक्का बसेल' म्हणून थांबतो आणि मग विचारण्याची वेळ निघून जाते. वाचा गेल्यावरही मार्ग उरतात. पाटी-पेन्सिल, चित्रांचा तक्ता, 'हो'साठी एकदा आणि 'नाही'साठी दोनदा पापणी मिटणे. प्रश्न एका वेळी एकच विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे.

आपल्या तालुक्यात अनेकांच्या घरी कन्नड आणि बाजारात मराठी असते. अर्धांगवायूनंतर एका आजींना मराठी समजेनासे झाले होते. 'पाणी हवे का?' असे मुलगा पुनःपुन्हा विचारी, त्या मान फिरवीत. माहेरच्या भाचीने 'नीरु बेका?' असे विचारताच त्यांनी हात पुढे केला. तोवर सर्वांची समजूत होती की, आजींना काही कळत नाही. म्हणून आमचा तक्ता दोन्ही भाषांत असतो. रुग्ण बोलत नाही याचा अर्थ तो ऐकत नाही असा नव्हे. निपचित पडलेल्यांपैकी काहींना अखेरपर्यंत ऐकू येत असते. उशाशी बसून वाटणीची चर्चा करू नये. आपले नाव सांगून, हात हातात घेऊन बोलावे.

देणगीदारांनो, या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो घरोघरी जाणाऱ्या प्रशिक्षित माणसाचा वेळ. एका चमच्यासाठी वीस मिनिटे आणि एका उत्तरासाठी पाच मिनिटे थांबणे त्याला परवडावे, एवढीच तजवीज आपण करावी.

घास थांबला तरी सोबत थांबू नये, एवढे सांगून आपली रजा घेतो.